पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानक, न्यूयॉर्क

पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानक : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यूयॉर्क शहराचे प्रमुख बसस्थानक. ते मॅनहॅटन बेटाच्या मध्यभागी, ८ व्या व ९ व्या अ‍ॅव्हेन्यूंच्या दरम्यान, ४० व्या रस्त्यापासून ४२ व्या रस्त्यापर्यंत पसरलेले आहे. १५ डिसेंबर १९५० रोजी ते वाहतुकीस खुले झाले. हडसन नदीपलीकडील न्यू जर्सी राज्यातून रोज नोकरीधंद्यासाठी येणारे उपनगरी प्रवासी आणि देशाच्या इतर भागांतून येणारे दूर पल्ल्याचे प्रवासी, अशा दोन्ही वर्गांची सोय एकाच छताखाली करण्याचा हा मोठ्या प्रमाणावरील आरंभीचा प्रयत्न होय. २०२० मधील करोना महासाथीपूर्वी गर्दीच्या दिवशी सु. २,६०,००० प्रवासी व सु. ८,००० बसफेऱ्या यांची ये-जा येथून होत असे.

वास्तुकलेच्या दृष्टीने ही इमारत कधीच नावाजली गेली नाही. तरीही आधुनिक बसस्थानकाच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करण्याची जागा, वर छप्पर आणि शेजारी तिकिटाची खिडकी एवढाच बसस्थानकाचा अर्थ तोपर्यंत रूढ होता. येथे प्रथमच नदीखालील बोगदा, बोगद्यापासून स्थानकापर्यंतचे स्वतंत्र उतारमार्ग, स्थानकाचे मजले आणि भुयारी रेल्वेचे स्थानक ही सर्व एकाच योजनेची अंगे म्हणून विचारात घेण्यात आली. स्थानक शहराच्या मध्यभागी असावे की वेशीवर, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि त्याचा उपद्रव कोणत्या वस्तीने सहन करावा, हे आजही सर्वत्र विचारले जाणारे प्रश्न या एका स्थानकाच्या इतिहासात स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

पार्श्वभूमी : मॅनहॅटन हे बेट असल्याने पश्चिमेकडून येणाऱ्या प्रवाशाला हडसन नदी ओलांडणे अपरिहार्य होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे काम नावा करीत. १९०८ पासून नदीखालून विद्युत् रेल्वेगाड्या धावू लागल्या आणि १९१० मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा बोगदा पुरा झाला. मोटारवाहतुकीसाठी हॉलंड बोगदा १९२७ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन पूल १९३१ मध्ये आणि लिंकन बोगद्याची पहिली नळी १९३७ मध्ये खुली झाली. पूल व बोगदे होताच रेल्वेपेक्षा बसगाडी अनेकांना सोयीची वाटू लागली. तिला रुळांची गरज नव्हती. गावातील चौकात उतारू घेऊन ती थेट मॅनहॅटनच्या मध्यापर्यंत येऊ शकत असे.

मात्र या गाड्यांनी शहरात पोहोचल्यावर थांबावयाचे कोठे, याची व्यवस्था कोणीच केलेली नव्हती. प्रत्येक कंपनी आपापली जागा शोधी. काही स्थानके हॉटेलांच्या तळमजल्यावर होती, तर काही दोन इमारतींमधील मोकळ्या जागेत. ४२ व्या रस्त्यावरील चॅनिन इमारतीत एका रेल्वे कंपनीच्या बसगाड्यांसाठी फिरता मंच बसविण्यात आला होता. गाडी आत आली की मंच फिरवून तिचे तोंड पुन्हा रस्त्याकडे करावे लागे, कारण वळण्यापुरतीही जागा तेथे नव्हती. ही युक्ती चातुर्याची असली, तरी मूळ अडचण तिने सुटणारी नव्हती. अशी स्थानके मध्यवर्ती भागात विखुरलेली असल्याने शेकडो बसगाड्या अरुंद आडव्या रस्त्यांतून वाट काढीत. गाडी बदलू इच्छिणाऱ्या प्रवाशाला सामान घेऊन एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत पायपीट करावी लागे. १९४० च्या सुमारास सर्व बसगाड्यांसाठी एकच मोठे स्थानक असावे, या मताला शहरात बळ आले. दुसऱ्या महायुद्धामुळे प्रत्यक्ष काम मात्र लांबणीवर पडले.

उभारणी : हे काम पोर्ट ऑफ न्यूयॉर्क ऑथॉरिटी या संस्थेने अंगावर घेतले. बंदराचा व त्याच्याशी निगडित वाहतुकीचा एकत्रित विकास करण्यासाठी न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन राज्यांनी १९२१ मध्ये आपसांतील कराराने ही संस्था स्थापन केली होती. १९७२ पासून ती ‘पोर्ट ऑथॉरिटी ऑफ न्यूयॉर्क अँड न्यू जर्सी’ या नावाने ओळखली जाते. तिला कर बसविण्याचा अधिकार नाही. कर्जरोखे विकून पूल, बोगदे इ. बांधावयाचे आणि वाहनांकडून मिळणाऱ्या पथकरातून ते कर्ज फेडावयाचे, अशी तिची कार्यपद्धती आहे. हडसन नदीवरील बोगदे व पूल तिच्याच ताब्यात असल्याने बसस्थानकाला बोगद्याशी थेट जोडणे तिला शक्य झाले. एखाद्या खासगी कंपनीला, किंबहुना शहराच्या नगरपालिकेलाही, ते सहजसाध्य नव्हते.

बांधकामास १९४९ च्या आरंभी सुरुवात झाली व सु. दोन वर्षांत ते पुरे झाले. त्यास सु. २·४ कोटी डॉलर खर्च आला. स्थानकाची मालकी सार्वजनिक संस्थेची आणि गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, अशी व्यवस्था येथे स्वीकारण्यात आली. कंपन्यांनी फलाट वापरल्याबद्दल शुल्क द्यावे, दुकाने व वाहनतळ यांचे भाडे मिळावे आणि या उत्पन्नातून स्थानक चालावे, अशी अपेक्षा होती. ही अपेक्षा पुरी झाली नाही. स्थानक बहुतेक काळ तोट्यात राहिले व संस्थेच्या इतर मिळकतींतून तो तोटा भरून काढावा लागला.

सर्व कंपन्या एकदम येथे आल्या, असेही घडले नाही. ग्रेहाउंड या देशातील सर्वांत मोठ्या बस कंपनीचे पेनसिल्व्हेनिया रेल्वेस्थानकालगत स्वतःचे स्थानक होते. ते सोडून सार्वजनिक स्थानकात भाडेकरू म्हणून जाणे तिला रुचणारे नव्हते. अखेर मे १९६३ मध्ये ती येथे आली आणि शहरातील दूर पल्ल्याची सर्व बसवाहतूक एका ठिकाणी आणण्याचा मूळ हेतू स्थानक सुरू झाल्यानंतर बारा वर्षांनी सफल झाला.

रचना व कार्य : या स्थानकाच्या रचनेत एक साधे तत्त्व आहे. उपनगरी गाडी व दूर पल्ल्याची गाडी यांच्या गरजा भिन्न असतात. उपनगरी गाडीचे प्रवासी हातात फारसे सामान न घेता येतात, त्यांना वेळापत्रक पाठ असते आणि गाडी फलाटावर काही मिनिटेच थांबते. दूर पल्ल्याच्या गाडीला सामान चढविण्यासाठी, तिकिटे तपासण्यासाठी व चालक बदलण्यासाठी अधिक वेळ लागतो. तिच्या प्रवाशांना प्रतीक्षालय, उपाहारगृह, सामानगृह व चौकशीची खिडकी यांची गरज असते. म्हणून दूर पल्ल्याच्या गाड्यांना तळघरातील मजला व उपनगरी गाड्यांना वरचे मजले देण्यात आले. दोहोंच्या मध्ये, रस्त्याच्या पातळीवर, तिकीटघर व दुकाने असलेले दालन ठेवण्यात आले. छतावर सु. ४५० मोटारींसाठी वाहनतळ होता.

स्थानकाचे खरे सामर्थ्य मात्र इमारतीच्या बाहेर आहे. लिंकन बोगद्यातून वर आलेली बसगाडी शहराच्या रस्त्यावर न उतरता स्वतंत्र उतारमार्गाने सरळ वरच्या मजल्यावर जाते, तर तळमजल्याखालील गाड्यांसाठी ९ व्या अ‍ॅव्हेन्यूखालून वाट काढलेली आहे. परिणामी रस्त्यावरील वाहतूक तुंबलेली असली, तरी स्थानकातील गाड्यांना तिची झळ तुलनेने कमी बसते. दुसऱ्या बाजूस, ८ व्या अ‍ॅव्हेन्यूखालून जाणाऱ्या व १९३२ मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकाशी हे स्थानक पादचारी मार्गाने जोडलेले आहे. त्यामुळे बसमधून उतरलेला प्रवासी रस्ता न ओलांडता शहराच्या कोणत्याही भागाकडे जाणारी गाडी पकडू शकतो.

याच तत्त्वावर पोर्ट ऑथॉरिटीने मॅनहॅटनच्या उत्तर भागात जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ दुसरे बसस्थानक बांधले. ते जानेवारी १९६३ मध्ये सुरू झाले. प्रसिद्ध इटालियन अभियंता प्येर लुईजी नेर्व्ही याने त्याचा आराखडा तयार केला होता. त्याचे त्रिकोणी काँक्रीट खंडांचे छप्पर पंख पसरल्यासारखे दिसते. हे स्थानक वास्तुकृती म्हणून गाजले, परंतु प्रवाशांची मोठी संख्या ४२ व्या रस्त्यावरील साध्या, विटांच्या इमारतीकडेच वळत राहिली. कचेऱ्या, नाट्यगृहे व बाजारपेठा तिच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर होत्या, हे त्याचे प्रमुख कारण होय.

विस्तार : पहिल्या दहा-बारा वर्षांतच स्थानक अपुरे पडू लागले. लिंकन बोगद्याची दुसरी नळी १९४५ मध्ये व तिसरी १९५७ मध्ये सुरू झाली होती. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी इमारतीवर मजले चढवून वाहनतळ व फलाट वाढविण्यात आले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ४२ व्या रस्त्यापर्यंतचा उत्तर विभाग बांधण्यात आला. इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारख्या तिरकस पोलादी तुळयांची त्याची दर्शनी बाजू दुरूनही ओळखू येते.

या वाढीपेक्षाही परिणामकारक ठरली ती डिसेंबर १९७० मध्ये सुरू झालेली केवळ बसगाड्यांसाठीची मार्गिका. न्यू जर्सीतील बोगद्याकडे येणाऱ्या महामार्गावर सकाळी शहराकडे जाणारी वाहने फार, तर उलट दिशेने जाणारी कमी असत. तेव्हा उलट दिशेच्या मार्गिकांपैकी एक सकाळच्या वेळी बसगाड्यांना देण्यात आली. सु. ४ कि.मी. लांबीच्या या मार्गिकेतून महासाथीपूर्वी रोज सकाळी सु. १,८०० बसगाड्या व ७०,००० प्रवासी जात. नवा रस्ता न बांधता, केवळ असलेल्या रस्त्याच्या न्याय्य वाटपाने वाहतुकीची क्षमता किती वाढू शकते, याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख नेहमी केला जातो.

अवनती व सुधारणा : १९७० ते १९९० या काळात शहराच्या आर्थिक दुरवस्थेची छाया स्थानकावर पडली. अहोरात्र उघडे, उबदार व विनामूल्य आसरा देणारे हे ठिकाण असल्याने बेघर माणसे येथे मोठ्या संख्येने राहू लागली. चोऱ्या, अंमली पदार्थांची विक्री व एकट्या प्रवाशांची फसवणूक यांमुळे स्थानकाची अपकीर्ती झाली. १९९० नंतर स्थानकाच्या अंतर्गत रचनेत अनेक लहान बदल करण्यात आले. आडोशाचे कोनाडे बंद करणे, स्वच्छतागृहांची रचना व देखरेख सुधारणे, प्रकाश वाढविणे, ओसाड कोपऱ्यांत दुकाने आणणे यांबरोबरच बेघरांना सामाजिक संस्थांकडे पोहोचविण्याची व्यवस्थाही करण्यात आली. यानंतर गुन्हे व तक्रारी यांत लक्षणीय घट झाली. केवळ पोलीस वाढवून नव्हे, तर जागेची रचना बदलूनही सार्वजनिक स्थळ सुरक्षित करता येते, हा धडा अभ्यासकांनी त्यातून घेतला.

दोन दोष मात्र दुरुस्तीच्या पलीकडचे होते. पहिला दोष गाड्यांच्या आकाराचा. १९५० नंतर बसगाड्या अधिक लांब, रुंद, उंच व जड होत गेल्या, पण उतारमार्गांची वळणे, फलाटांची लांबी व मजल्यांची उंची मूळचीच राहिली. वाढलेल्या भाराने काँक्रीटच्या स्लॅबचे आयुष्यही घटत गेले. दुसरा दोष गाड्या उभ्या करण्याच्या जागेचा. सकाळी प्रवासी उतरविल्यावर शेकडो गाड्यांना दिवसभर थांबण्यास शहरात जागा नव्हती. त्या रिकाम्याच बोगद्यातून न्यू जर्सीत परत जात आणि सायंकाळी पुन्हा रिकाम्या येत. या येरझाऱ्यांत बोगद्याची क्षमता, इंधन व चालकांचा वेळ वाया जाई. सायंकाळी एखादी गाडी वाटेत अडकली, की फलाटावरील रांग जिन्यांवरून खालच्या दालनापर्यंत लांबत असे.

पुनर्बांधणीचा वाद : २०१० नंतरच्या दशकात जुने स्थानक पाडून नवे बांधणे अटळ आहे, याविषयी सामान्यतः एकमत झाले, परंतु ते कोठे बांधावे याबद्दल तीव्र मतभेद झाले. स्थानक नदीपलीकडे न्यू जर्सीतच ठेवावे व प्रवाशांना पुढे रेल्वेने आणावे, अशी एक सूचना होती. मॅनहॅटनमधील मौल्यवान जमीन त्यामुळे मोकळी झाली असती. या सूचनेस न्यू जर्सीच्या प्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. रोज दोनदा गाडी बदलावी लागणे म्हणजे लाखो कष्टकऱ्यांच्या दिवसातील वेळ हिरावून घेणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसरी सूचना स्थानक जवळच पश्चिमेस हलविण्याची होती. तिच्यामुळे हेल्स किचन या जुन्या वस्तीतील घरे व दुकाने सक्तीने ताब्यात घ्यावी लागतील, या भीतीने तेथील रहिवासी संघटित झाले. बसगाड्यांचा धूर व गोंगाट पिढ्यान्‌पिढ्या आम्ही सोसला, आता घरेही द्यावयाची काय, असा त्यांचा सवाल होता.

अखेर मूळ जागीच नवे स्थानक बांधण्याचा निर्णय झाला व त्याची योजना २०२१ च्या आरंभी जाहीर झाली. सु. १,००० कोटी डॉलर खर्चाच्या या योजनेच्या कामास मे २०२५ मध्ये प्रारंभ झाला. प्रथम जुन्या स्थानकाच्या पश्चिमेस गाड्या उभ्या करण्यासाठी स्वतंत्र बहुमजली इमारत बांधावयाची, २०२८ च्या सुमारास जुने स्थानक पाडताना तिचाच तात्पुरते स्थानक म्हणून उपयोग करावयाचा आणि २०३२ पर्यंत मुख्य स्थानक पुरे करावयाचे, असा क्रम ठरविण्यात आला आहे. रोजची वाहतूक एक दिवसही बंद न ठेवता स्थानक बदलण्याची ही युक्ती होय. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची सोय आणि बोगद्याकडील खोलगट रस्त्यांवर छत टाकून वस्तीसाठी सु. दीड हेक्टर हिरवी जागा निर्माण करणे, या गोष्टीही योजनेत समाविष्ट आहेत. शेवटची तरतूद रहिवाशांच्या आंदोलनाचे फलित म्हणता येईल.

अन्य शहरांतील अनुभव : बसस्थानकाची जागा व रचना यांविषयी इतर शहरांतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवितात. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या स्थानकात ८० गाड्यांसाठी फलाट व वर सु. १,१०० मोटारींसाठी वाहनतळ होता. ते पाडण्याचा निर्णय नगरपरिषदेने २०१२ मध्ये घेतला, परंतु नागरिकांच्या चळवळीनंतर २०१३ मध्ये त्यास संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला व पुढे त्याचे नूतनीकरण झाले. इझ्राएलमधील तेल आवीव्हच्या स्थानकाचे बांधकाम १९६७ मध्ये सुरू झाले, ते दीर्घकाळ रेंगाळले व स्थानक १९९३ मध्ये उघडले. तेथे प्रवाशांच्या वाटेपेक्षा दुकानांच्या संख्येला अधिक महत्त्व देण्यात आले होते. चक्रव्यूहासारख्या मार्गिकांमुळे प्रवासी गोंधळून जात, दुकाने ओस पडली आणि बसगाड्यांसाठीचे खालचे मजले काही वर्षांतच बंद करावे लागले.

भारतात चेन्नईचे उदाहरण बोलके आहे. जुन्या शहरातील ब्रॉडवे भागातील बाहेरगावच्या गाड्यांची कोंडी फोडण्यासाठी २००२ मध्ये पश्चिमेकडील कोयंबेडू येथे प्रशस्त स्थानक बांधण्यात आले. शहर त्याच्याभोवती वाढले व तेथेही कोंडी होऊ लागली. तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेकडील गाड्यांसाठी किलांबाक्कम येथे, शहराच्या पार वेशीवर, नवे स्थानक उघडण्यात आले. लगतचे उपनगरी रेल्वेस्थानक तेव्हा तयार नसल्याने प्रवाशांची बरीच गैरसोय झाली. महाराष्ट्रात राज्य परिवहनाची पहिली बसगाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. येथे गाड्या व स्थानके दोन्ही एकाच सार्वजनिक महामंडळाच्या मालकीची असल्याने न्यूयॉर्कमधील कंपन्यांच्या स्पर्धेचा प्रश्न उद्भवला नाही. जागेचा प्रश्न मात्र येथेही टळला नाही. पुण्यातील शिवाजीनगर बसस्थानक रेल्वेस्थानकाला लागून होते. मेट्रोच्या भुयारी कामासाठी २०१९ च्या अखेरीस ते वाकडेवाडी येथे हलविण्यात आले आणि रेल्वेतून उतरून थेट बसमध्ये बसण्याची प्रवाशांची सोय खंडित झाली.

मूल्यमापन : न्यूयॉर्कच्या स्थानकाच्या सात दशकांहून अधिक काळच्या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. बसस्थानकाचे यश इमारतीच्या भव्यतेपेक्षा तिच्या दोन टोकांच्या जोडणीवर अवलंबून असते : एका टोकाला गाडीचा विनाअडथळा प्रवेश व दुसऱ्या टोकाला प्रवाशाची पायवाट. यांपैकी पहिली जोडणी अभियंते सहसा विसरत नाहीत, कारण तुंबलेला रस्ता सर्वांना दिसतो. दुसरी अनेकदा विसरली जाते, कारण तिचा भार ओझे घेऊन चालणाऱ्या एकेकट्या माणसावर पडतो व तो कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. स्थानक वेशीवर नेले म्हणजे वाहतुकीची कोंडी कमी झालेली दिसते, पण रोजचा शेवटचा टप्पा प्रवाशाला स्वतःच्या खर्चाने व वेळाने पार करावा लागतो. उलट ते मध्यभागी ठेवावयाचे, तर शेजारच्या वस्तीला त्याची भरपाई मोकळ्या जागेच्या व स्वच्छ हवेच्या रूपाने मिळणे आवश्यक ठरते. बसने जाणारा प्रवासी बहुधा मोटार न परवडणारा वा ती न बाळगणारा असतो. म्हणून बसस्थानकाला शहराच्या मध्यात जागा देणे म्हणजे या प्रवाशाला शहरात जागा देणे होय. अनाकर्षक, गैरसोयीचे व अपुरे म्हणून दीर्घकाळ टीका होऊनही पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानक आपल्या मूळ जागीच पुन्हा बांधले जात आहे, यावरून १९५० मधील त्या निवडीची योग्यता स्पष्ट होते.